हुंगलेलं फूल

ताई, घरात येणारा प्रत्येक माणूस ओट्यावर टेकतो, पाणी पितो आणि विचारतो, "एवढ्या गारठ्यात पहाटे साडेचारला मळ्यात जायची काय गरज होती त्यांना?" विचारताना तो दादांकडे बघतो. दादा मान खाली घालतात. "ऐकायची नाय ती," एवढंच म्हणतात. मी आतमध्ये चहाचं आधण ठेवत असते. गरज काय होती ते मला माहीत आहे, पण मी बाहेर येऊन सांगत नाही.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. न्यूमोनिया झाला होता असं डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं आधीचीच नाजूक होती, चुलीचा धूर, फवारण्या, असं बरंच काही सांगितलं त्यांनी. पण आपल्याकडे एवढं कोण ऐकतं? सगळ्यांनी मिळून एकच ठरवलंय, थंडी बाधली. आणि थंडीत जाऊ दिलं कोणी, तर दादांनी. तुमची शुभांगी पुण्याहून आली ती कालपर्यंत वडिलांशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि निघून जायची. दादाही मुकाट जेवायचे, जणू शिक्षाच झाली होती त्यांना.

म्हणून हे लिहितेय. तुमच्याशी आयुष्यभर वाद घातला, आता तुम्ही उलट बोलू शकत नाही तरी बोलणार आहे. तुमच्या धाकट्या जावेची ही खोड तुम्हाला ठाऊक आहे.

मी लग्न होऊन मखमलाबादला आपल्या मळ्यात आले तेव्हा मला स्वतःचा भारी अभिमान होता. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, अंबडला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. आणि घर बघावं तर दारापासून विहिरीपर्यंत गावठी गुलाब. लग्नानंतर दोन दिवसांनी मी हौसेने वाफ्यात शिरले, एक टपोरं फूल तोडलं आणि नाकाला लावलं. तुम्ही मागून आलात. ओरडला नाहीत. माझ्या हातातलं फूल घेतलंत आणि माझ्याच अंबाड्यात खोचलंत. "हे आता तुझं," म्हणालात, "हुंगलेलं फूल देवाला चालत नाय. आपली फुलं पंचवटीत जातात, देवळात जातात. मळ्यात कोणी हुंगायचं नाय."

मला हसू आलं होतं. ज्या घरात पोत्यांनी गुलाब निघतो त्या घरातली बाई फुलाचा वास घेत नाही, याला काय म्हणावं! पण तुम्ही खरंच घेत नव्हता. तोडताना हात लांब धरायचा, करंडी कमरेला, तोंड वळवलेलं. कामाला येणाऱ्या बायकांनाही तीच शिस्त. घरात मुलींनी वेणीला मागितलं तर बाजूच्या दोन झाडांचं घ्या म्हणायचात, ती झाडं देवाच्या वाट्याची नव्हती. मी मनात म्हणायचे, काय हा सोवळेपणा. पण तुमच्या हातची फुलं पंचवटीतले लोक डोळे झाकून घ्यायचे, हेही मी पाहत होते.

तो दिवस तीन वर्षांपूर्वीचा. मला रविवारची सुट्टी होती. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं, मध्ये फुलांचा ढीग, तुम्ही आणि मी हार ओवत बसलो होतो. ऊन चढेल तसा वास इतका दाटला की माझं डोकं जड झालं. मी आपलं सहज म्हणाले, "बघा ताई, उन्हानं रेणू कसे सुटलेत."

"कोण रेणू?" तुम्ही विचारलंत. तुम्हाला वाटलं मी कोण्या पोरीबद्दल बोलतेय.

मग काय, मला तर तेच हवं होतं. सांगितलं की प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची असते, त्यांना रेणू म्हणतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण सारखे हलत असतात. फुलात सुगंधी तेल असतं. त्याचे रेणू फुलातून सुटतात, हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत नाकात शिरतात, तेव्हा आपल्याला वास येतो. ऊब मिळाली की ते जोरात पळतात, जास्त सुटतात. गारठ्यात मंद होतात, थोडेच सुटतात. तुमचा विश्वास बसेना. मी आत जाऊन काचेचे दोन ग्लास आणले, एकात माठातलं पाणी, एकात बंबातलं गरम. दोन्हींत निळीचा एकेक थेंब सोडला. गरम पाण्यात नीळ बघता बघता पसरली. गार पाण्यात तिची दोरी लोंबकळत राहिली.

तुम्ही दोन्ही ग्लासांकडे बघत होता. ओवायचा दोरा हातातच राहिला. मग हळूच म्हणालात, "म्हणजे वास आला की ते फूल आपल्या नाकात गेलं?"

"फुलाचे रेणू गेले."

"तेच. म्हणजे खाल्ल्यासारखंच झालं."

"एका अर्थी झालंच."

"आन् मी तोंड फिरवलं तरी जातात?"

"ते काय तुमच्या तोंडाकडे बघून जातात का? सगळीकडे जातात."

तुमचा चेहरा एवढासा झाला. "मनीषा," तुम्ही म्हणालात, "मग इतकी वर्षं मी देवाला उष्टीच फुलं पाठवली की गं."

आणि ताई, मी हसले. पोट धरून हसले. तुम्हीही थोडं हसलात, मला बरं वाटावं म्हणून. ते माझं हसणं गेले अकरा दिवस माझ्या कानात आहे.

खरं सांगते, त्यानंतरचा काळ मला फार आवडला होता. तुम्ही प्रश्न विचारायला लागलात. मी डबा भरत असायचे, कारखान्याची बस गाठायची घाई, आणि तुम्ही भाकरी थापता थापता सुरू. "त्यांना हलवतं कोण?" मी म्हणायचे, कोणी नाही, त्यांचं हलणं म्हणजेच ऊब. "असं कसं? आधी चूल पेटते, मग पाणी हलतं." मी सांगायचे, जाळाचे रेणू पातेल्याच्या रेणूंना धक्के देतात, पातेल्याचे पाण्याच्या रेणूंना. "म्हणजे बाजारात मागून ढकलतात तसं." हो, तसंच. "मग पहिला धक्का कोणी दिला?" सूर्याने. "आन् सूर्याला?" ताई, माझी बस चुकेल. तुम्ही जिंकल्यासारखं हसायचात आणि डब्यात एक भाकरी जास्त घालायचात.

एकदा विचारलंत, दारातल्या पायरीचा दगडही हलतो का. मी म्हणाले, त्याचे रेणू जागच्या जागी थरथरतात. मग सकाळी पायरीवर बसलं की गार का लागतं? कारण तुमच्या अंगचे रेणू आपला जोर त्या दगडाला देऊन टाकतात. "बाईच्या जातीचं असंच," तुम्ही म्हणालात. करंडीवर ओलं गोणपाट का टाकतात तेही मी समजावलं. पाण्यातले जे चपळ रेणू असतात ते उडून जातात, मागे मंद उरतात, म्हणून फुलं गार राहतात. त्यावर तुम्ही शुभांगीच्या खोलीकडे बघून म्हणालात, "चपळ होती ती पुण्याला गेली, आन् आम्ही इथं गार बसलो." लॅबमध्ये इतकी वर्षं काम करतेय, पण बाष्पीभवनाचं इतकं सोपं स्पष्टीकरण मला कोणी दिलं नाही.

पण त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तुमची वेळ बदलली. आधी सात वाजता तोडणी सुरू व्हायची. मग सहा झाले. मग एके दिवशी मला साडेचारला अंगणात बॅटरीचा उजेड दिसला. स्वेटर, त्यावर दादांचं जाकीट, डोक्याला मफलर आणि कमरेला करंडी. मी खिडकीतून हाक मारली तर म्हणालात, "झोप गं, तोडून येते." मला वाटलं बाजार लवकर भरत असेल. पंधरा दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. गारठ्यात रेणू थोडे सुटतात, हे मीच सांगितलं होतं. ऊन यायच्या आत फुलं तोडली, ओल्या गोणपाटाखाली झाकली आणि रवाना केली, तर तुमच्या नाकात कमीत कमी जाणार होते. तुम्ही नियम मोडला नव्हता, नियम पाळायची तऱ्हा तेवढी बदलली होती.

त्यानंतर मी किती समजावलं! म्हणाले, ताई, आपणहून नाकात आलेलं ते उष्टं नसतं. तुम्ही विचारलंत, "तुझं शास्त्र खोटं का मग?" मी म्हणाले, खोटं नाही. "मग गेले ना माझ्या नाकात?" गेले. "मग?" एकदा तर मी चिडून म्हणाले, "थंडीतही ते हलायचे थांबत नाहीत, कमी तर कमी, पण येतातच तुमच्या नाकात. कशाला जीव काढता?" तुम्ही मफलर नीट गुंडाळत म्हणालात, "कमी तर कमी. मी किती सांभाळते ते देवाला दिसतंच."

तिथे मी एक खोटं बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं, पुस्तकात आता नवीन आलंय, वास म्हणजे रेणू नाहीत, मी चुकले होते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता. पण मला चूक कबूल करायची सवय नाही, आणि जी चूक नाहीच ती कबूल करणं तर मला अजिबात जमत नाही. असे दोन हिवाळे गेले, हा तिसरा.

या वेळी खोकला दिवाळीनंतरच लागला. दादा म्हणाले, बायका तोडतील, तू पडून राहा. तुम्ही ऐकलं नाहीत. मी काढा करून दिला, वाफ दिली, आणि काहीच बोलले नाही. बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं की हे खूळ कोणी घातलं. मला तेवढीच लाज होती, ताई, आणि त्या लाजेपायी मी गप्प बसले. आज मला त्या लाजेची लाज वाटते.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघीच होतो. फरशी पुसून गेले होते, फिनेलचा वास सुटला होता. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढून तुम्ही म्हणालात, "हे रेणू काय चांगले नायत गं." मी हसले, मास्क परत लावला. तेव्हा म्हणायचं होतं, ताई, मला माफ करा. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण मी तुमचा हात हातात घेऊन चोळत बसले, कारण तो गार पडला होता. मनात आलं, माझी ऊब तिकडे जातेय तेवढी जाऊ दे. तुम्ही डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा मी पायाला हात लावला. मला माहीत होतं की त्या गार पायातही प्रत्येक रेणू थरथरतोय, खोलीतल्या हवेइतका, भिंतीइतका. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे ते. पण त्या क्षणी मला त्याचा एवढासाही आधार वाटला नाही. मला तुमचा प्रश्न हवा होता, कुठलाही, बस चुकली तरी चालली असती.

काल दहावा झाला. लांबलांबचे लोक दहाव्याला पंचवटीत गंगेवर येतात, आपल्याला काय, रिक्षाने पंधरा मिनिटं. घाटावर तुमच्या मावसभावाने पुन्हा तेच काढलं, "दादा, तुम्ही अडवायला पाहिजे होतं." दादा ओल्या धोतराने उभे होते. त्यांनी फक्त हात जोडले. शुभांगीने तोंड फिरवलं. ते जोडलेले हात बघून माझ्याने राहवेना.

घरी आल्यावर दुपारी दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शुभांगी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मी दादांसमोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. निळीचे ग्लास, रेणू, उष्टी फुलं, माझं हसणं, साडेचारची वेळ. म्हणाले, "दादा, तुम्ही कशाला ऐकून घेता लोकांचं? त्या माझ्यामुळे जात होत्या. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले." शुभांगीचा हात थांबला. मला वाटलं आता ही उठून माझ्या अंगावर येईल, आणि आली असती तर बरंच झालं असतं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत हाय," ते म्हणाले. "पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं व्हतं तिनं. सगळं सांगितलं, रेणू आन् काय काय. लय हसली व्हती."

"हसल्या?"

"मग? पहिले दोन दिवस रडली, मग हसली. म्हणे, देवाचं देवाला नीट पोचवते, गारठ्यात तोडून. आन् एक फूल आपलं." दादांनी विहिरीकडे बोट दाखवलं. "येताना रोज एक फूल मुठीत धरून आणायची. विहिरीपासून इथवर मूठ झाकून. म्हणायची, गारठ्यात ह्याचा वास सुटत नाय, मुठीची ऊब लागली की सुटतो, मनीषानं शिकवलंय. इथं ओट्यावर आली की मूठ उघडायची आन् पार डोळे मिटून हुंगायची. मग माझ्या हातात द्यायची. घ्या, म्हणे, हे उष्टं हाय, देवाला चालायचं नाय, तुम्हाला चालतंय."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं कधी? दादा म्हणाले, "मी म्हणलं व्हतं तिला, मनीषाला सांग. तर म्हणे नको, ती यात बी काहीतरी नवीन काढील." आणि ते हसले, ताई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

मग सावकाश म्हणाले, "अडतीस वर्षं संसार केला. मळाभर गुलाब, पण मला कधी एक फूल दिलं नाय तिनं. का, तर देवाचं हाय. तू ते रेणू काढले म्हणून तीन हिवाळे मला रोज एक मिळालं. मी तिला अडवलं नाय ते त्याच्यासाठी बी असंल. थंडीचं पाप तुझं असंल तर निम्मं माझं हाय. वाटून घेऊ."

तांदळाचं ताट बाजूला सारून शुभांगी उठली आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली. त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "बाबा, त्या फुलांचं काय करायचे तुम्ही?"

"खाऊन टाकायचो," दादा म्हणाले. "तिनं जन्मभर माझ्या ताटातलं उष्टं खाल्लं. मी तीन हिवाळे तिचं खाल्लं."